दमट उन्हाळ्यात प्रश्न गरमीचा नाही, न वाळणाऱ्या घामाचा आहे

तुम्ही लिहिलंय की आधी कोरड्या भागात ४०-४२ अंशांत सहज वावरत होतात, आणि या नव्या ठिकाणी पारा ३२-३३ च्या पुढे जात नाही तरी जीव नकोसा होतो. कपडे अंगाला चिकटतात, रात्री झोप लागत नाही, मुलीच्या मानेवर घामोळं उठलंय, सोबत आणलेला कूलर लावला की उकाडा उलट वाढतो. पुढच्या महिन्यात सासरे राहायला येणार आहेत, त्यांना बीपीची गोळी चालू आहे, त्याचीही काळजी. मीही अशीच कोरड्यातून दमट हवेत आले आणि इथेच राहिले, त्यामुळे तुमची अवस्था नीट कळते. तुमच्या प्रकृतीत काही बिघडलंय असं मला वाटत नाही. इतकी वर्षं उपयोगी पडलेल्या तुमच्या सवयी इथे चालत नाहीत, एवढंच.

शरीर थंड होतं ते घाम वाळल्याने. नुसता घाम येऊन काही होत नाही. एक लिटर घाम कातडीवरच पूर्ण वाळला तर अंगातली सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जातो. तोच घाम ओघळून खाली पडला तर उष्णता जवळजवळ तशीच राहते, पाणी आणि मीठ मात्र गेलेलं असतं. कोरड्या हवेत घाम आला हे पुष्कळदा कळतही नाही, संध्याकाळी शर्टावर मिठाचे पांढरे डाग दिसतात तेवढंच. दमट हवेत तोच घाम अंगावर बसून राहतो, शरीराला वाटतं अजून गार व्हायचंय, म्हणून ते आणखी घाम सोडतं. तुम्हाला जाणवणारी चिकचिक आणि थकवा यातूनच येतो.

कोरडी हवा माणसाला किती सांभाळून घेते याचं एक जुनं उदाहरण मला फार आवडतं. चार्ल्स ब्लॅग्डेन या इंग्रज डॉक्टरांचे प्रयोग १७७५ मध्ये प्रसिद्ध झाले. ते आणि त्यांचे सोबती १२० अंश सेल्सिअसच्याही वर तापवलेल्या कोरड्या खोलीत काही मिनिटं थांबले. खोलीत ठेवलेली अंडी भाजून कडक झाली, माणसं धडधाकट बाहेर आली. वाफेने भरलेल्या खोलीत याच्या निम्म्या तापमानालाही कोणी असं थांबू शकणार नाही.

म्हणून पहिली गोष्ट: हवामानाच्या अॅपवर तापमान आणि आर्द्रतेचे टक्के बघून दिवसाचा अंदाज बांधू नका, दवबिंदू बघा, म्हणजे हवा ज्या तापमानापर्यंत गार झाली की तिच्यातल्या वाफेचं दव व्हायला लागतं ते तापमान. हवेत वाफ जितकी जास्त, तितका तो आकडा वर. टक्के फसवतात. सकाळी २४ अंश आणि ९५ टक्के, दुपारी ३४ अंश आणि ५५ टक्के असे आकडे दिसले की वाटतं दुपारी हवा कोरडी झाली. प्रत्यक्षात दोन्ही वेळी दवबिंदू २३-२४ च्या आसपासच असतो, म्हणजे हवेतली वाफ जवळपास तेवढीच. हवा तापली म्हणून टक्के उतरले, इतकंच. आता तुमची दोन गावं शेजारी ठेवून बघा. ४० अंश आणि २० टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू १३ च्या आसपास येतो. ३२ अंश आणि ७५ टक्के असेल तर तो २७. ओलं फडकं गुंडाळलेल्या थर्मामीटरने मोजलं तर पहिल्या ठिकाणी साधारण २३ अंश दिसतील, दुसऱ्या ठिकाणी २८. घाम वाळून शरीर किती गार होऊ शकतं हे सांगणारा आकडा हाच, आणि त्या हिशेबाने तुमचं नवं गावच जास्त कडक आहे.

दवबिंदू १६ च्या खाली असेल तर बहुतेकांना बरं वाटतं. १८ च्या पुढे चिकट वाटायला लागतं, २१ च्या पुढे उकाडा जाणवतो, २४ च्या पुढे बसल्या जागी घाम फुटतो. या आकड्यावरून रात्रीचाही अंदाज येतो, कारण रात्रीचं तापमान दवबिंदूच्या फार खाली उतरत नाही. दवबिंदू २५ असेल तर पहाटेही २५ च्या खाली जाईल अशी आशा ठेवू नका. कोरड्या भागात दिवस कितीही तापला तरी रात्री सुटका होते. इथे ती होत नाही, आणि माझ्या मते नव्याने आलेल्यांना सगळ्यात जास्त तेच छळतं.

आता कूलर. तो हवेत पाणी मिसळून गारवा देतो. हवा आधीच वाफेने भरलेली असेल तर पाणी उडत नाही, गारवा येत नाही, खोली मात्र आणखी ओली होते. त्यातलं पाणी काढून टाका आणि नुसता पंखा म्हणून वापरा. ओले पडदे, फरशीवर पाणी मारणं, खोलीत कपडे वाळत घालणं हेही बंद करा. मशीनमधून काढलेल्या एका खेपेच्या कपड्यांतून लिटर-दोन लिटर पाणी खोलीच्या हवेत जातं.

दमट हवेत पंख्यासारखा दुसरा आधार नाही. कातडीचं तापमान साधारण ३५ अंश असतं. हवा त्याहून गार आहे तोवर वारा सरळ उष्णता घेऊन जातो, शिवाय अंगालगतचा वाफेने भरलेला थर हलवून घामाला वाळायला जागा करून देतो. पण वारा थेट अंगावर आला पाहिजे. पंखा खोली गार करत नाही, माणसाला करतो. झोपताना टेबल फॅन पायांकडून किंवा बाजूने अंगभर वारा येईल असा ठेवा. छताचा पंखा असूनही हा दुसरा पंखा ठेवाच, फरक पहिल्याच रात्री कळेल. आणि दिवसा खिडक्या घट्ट बंद ठेवायची कोरड्या भागातली शिस्त सोडा. ऊन अडवा, पण समोरासमोरच्या खिडक्या उघड्या राहू द्या.

एसी घेणार असाल तर त्याच्याकडून दोन कामं करून घ्यायची आहेत: हवा गार करणं आणि तिच्यातलं पाणी काढणं. मागच्या नळीतून टपटप पडणारं पाणी हे त्या दुसऱ्या कामाचं मोजमाप. खोलीच्या मानाने फार मोठा एसी घेऊ नका. तो पाच-सात मिनिटांत खोली गार करून बंद पडतो, पाणी काढायला त्याला वेळच मिळत नाही, आणि तुम्ही गार पण ओलसर हवेत बसता. २५-२६ अंशांवर लावून सोबत पंखा सुरू ठेवला तर १८ अंशांवर कुडकुडण्यापेक्षा कितीतरी सुखाचं वाटतं. पावसाळी, कमी तापलेल्या दिवसांत ड्राय मोड वापरा, म्हणजे गारव्यापेक्षा हवेतलं पाणी काढण्यावर भर देणारी एसीची सेटिंग. एसी चालू असताना मात्र खिडक्या पूर्ण बंद. थोडा वेळ एसी, थोडा वेळ खिडकी असं केलंत तर गाद्या आणि पडदे बाहेरची ओल पिऊन बसतात.

तरी दिवसभर एसीत बसू नका, निदान सुरुवातीला. शरीर या हवेला सरावतं, पण त्याला ती हवा लागावी लागते. पहिल्या चार-पाच दिवसांत रक्तातला द्रवभाग वाढतो आणि त्याच कामाला हृदयाचे ठोके आधीइतके वाढत नाहीत. मग घाम लवकर सुटायला लागतो, जास्त येतो, त्यातलं मीठ घटतं. एक ते दोन आठवड्यांत बराचसा बदल होऊन जातो, आणि काही आठवडे गार हवेत काढले की ओसरतोही. त्यासाठी रोज तास-दीड तास बाहेर हलकी हालचाल पुरे, सकाळी किंवा संध्याकाळी चालणं वगैरे. पळण्याचा किंवा जड कामाचा सराव असेल तर उन्हात काम करणाऱ्या नव्या कामगारांसाठी कामगारांच्या आरोग्यावर काम करणाऱ्या अमेरिकेतल्या नायॉश संस्थेने दिलेला नियम चांगला आहे: पहिल्या दिवशी नेहमीच्या २० टक्के वेळ, मग रोज फार तर २० टक्के वाढ. रात्री एसीत झोपल्याने हा सराव वाया जात नाही. झोप पूर्ण होणं जास्त महत्त्वाचं.

पाण्याबद्दल एक गैरसमज सगळीकडे दिसतो. भरपूर पाणी प्यायलं म्हणून दमट हवेत घाम वाळायला लागतो असं नाही. गेलेलं भरून काढायला पाणी प्यायचं. तहान लागेल तसं प्या, लघवीचा रंग फिका पिवळा राहतोय ना ते बघा. तासन्‌तास घाम गाळत काम केलं आणि नुसतं साधं पाणी लिटरांनी प्यायलं तर रक्तातलं सोडियम घसरून डोकेदुखी, मळमळ, गोंधळ सुरू होऊ शकतो. अशा दिवशी ओआरएस घ्या. रोज घरी बसून ते पिण्याची गरज नाही.

कपड्यांचाही विचार उलटा करावा लागतो. कोरड्या भागात अंगभर सुती कपडा तापलेल्या वाऱ्यापासून वाचवतो. इथे जाड सुती कपडा घाम शोषून घेतो आणि ओलाच राहतो. पातळ, विरळ विणीचे, सैल कपडे घ्या. व्यायामाला लवकर वाळणारं खेळाचं कापड सुतीपेक्षा बरं. सावलीत जितकी कातडी उघडी तितकं चांगलं. आणि एक जास्तीचा शर्ट कायम पिशवीत ठेवा, भिजलेला बदलला की अर्धा शीण जातो.

मुलीचं घामोळं म्हणजे घामाच्या नळ्यांची तोंडं बुजून आत अडकलेला घाम. तिथे पावडरचा थर किंवा तेलकट क्रीम लावलंत तर तोंडं आणखी बुजतात. मानेच्या घडीत नीट बघा, पावडर घामात भिजून तिची वळी झालेली दिसेल, आणि पुरळ नेमकं त्याच रेषेत असेल. पावडर बंद करा, साध्या पाण्याने धुवा, न घासता मऊ कापडाने टिपा, पंख्याखाली मान उघडी राहू द्या. केस वर बांधा. बहुतेक वेळा काही दिवसांत उतरतं. पू दिसला किंवा ताप आला तर डॉक्टर. मोठ्यांनीही काखा, जांघा, पायाच्या बोटांच्या बेचक्या आंघोळीनंतर पूर्ण कोरड्या केल्याशिवाय कपडे घालू नयेत. गजकर्ण इथे फार लवकर धरतं, आणि त्यावर स्टेरॉइड मिसळलेलं मलम मनाने लावलं तर खाज दोन दिवस थांबते आणि चट्टा पसरत जातो. हे मी इतक्या घरांत पाहिलंय की कळकळीने सांगते, मलम विचारूनच आणा.

घराकडेही लक्ष द्या. छोटा आर्द्रतामापक आणून खोलीत टांगा. १७८३ मध्ये सोस्यूर या स्विस शास्त्रज्ञाने वर्णन केलेला मापक माणसाच्या केसावर चालायचा, कारण ओल शोषली की केस लांबतो. तुमचे केस इथे आल्यापासून फुगलेले दिसतात त्यामागेही केसांनी शोषलेली हीच ओल आहे. घरात ६० टक्क्यांच्या खाली राहिलं तर बुरशीला वाव कमी मिळतो. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा. बंद कपाटातला चामड्याचा पट्टा काढून उजेडात तिरका धरा, राखाडी-हिरवट धूळ दिसली तर ती धूळ नाही, बुरशी आहे. कोरड्या फडक्याने घराबाहेर पुसा, उन्हात वाळवा, आणि पट्टे, कॅमेरा, कागदपत्रं घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल घालून ठेवा. न्हाणीघरातला एक्झॉस्ट आंघोळीनंतरही पंधरा-वीस मिनिटं चालू राहू द्या. टॉवेल घडी करून टांगू नका.

आता जिवावर बेतू शकेल असं एक. उष्माघातात घाम बंद होऊन कातडी कोरडी पडते असं बहुतेकांनी ऐकलेलं असतं. दमट हवेत, विशेषतः श्रम करताना, माणूस घामाने निथळत असतानाही उष्माघात होतो. घामावर जाऊ नका, वागण्याकडे बघा. असंबद्ध बोलणं, तोल जाणं, विचित्र चिडचिड, शुद्ध हरपणं ही चिन्हं दिसली की ताबडतोब रुग्णवाहिका बोलवा आणि ती येईपर्यंत गार करत राहा. इथे ओलं करून नुसता वारा घालणं कमी पडतं, कारण पाणी नीट उडत नाही. गार पाण्यात बसवा किंवा सतत गार पाणी ओता, मान, काखा, जांघांत बर्फ ठेवा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

सासऱ्यांसाठी, ते निघण्याआधीच त्यांच्या डॉक्टरांशी बोला. उकाड्यात कातडीकडच्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि रक्तदाब आपोआप थोडा उतरतो. त्यात लघवी वाढवणारी गोळी असेल तर पाणी-मीठही कमी होतं, आणि उठताना चक्कर येऊन पडण्याची भीती असते. काही बीपीच्या, ॲलर्जीच्या आणि मानसिक आजारांच्या गोळ्या शरीराची गार होण्याची क्षमता कमी करतात. मात्रा डॉक्टरच ठरवतील, गोळी मनाने बंद करायची नाही. वयानुसार तहान कमी जाणवते, म्हणून त्यांनी मागण्याची वाट न बघता पाणी समोर ठेवा, पाण्यावर बंधन सांगितलेलं असेल तर तेवढंच. पहिले दोन आठवडे त्यांना घरातली सगळ्यात हवेशीर खोली द्या, घरी बीपी मोजा, बसून आणि उभं राहून दोन्ही, आणि आकडे लिहून ठेवा.