बॅरलात दूध झालं म्हणजे खत बनावट नव्हे

चिकोडी तालुक्यातल्या एका ऊसकरी शेतकऱ्याचा प्रश्न: "200 लिटरच्या बॅरलात कॅल्शियम नायट्रेट आणि मॅग्नेशियम सल्फेट 5-5 किलो एकत्र टाकलं. पाणी दुधासारखं झालं, तळाला गाळ बसला, ड्रिपर (ठिबकच्या तोट्या) तुंबले. माल बनावट होता का?"

नाही. दोन्ही खतं अस्सल होती म्हणूनच गाळ झाला. पाण्यात पडल्यावर कॅल्शियम, नायट्रेट, मॅग्नेशियम, सल्फेट असे चौघे सुटे होतात. नायट्रेटचं कुणाशीच वाकडं नाही. आपल्या वापरातली सगळी नायट्रेट खतं विरघळतात. पण कॅल्शियम आणि सल्फेटची गाठ पडली की जिप्सम होतं, आणि ते लिटरला जेमतेम अडीच ग्रॅम विरघळतं. बॅरलभर पाण्यात अर्धा किलो धरा. तुमच्या हिशेबानं तयार झालं जवळपास साडेतीन किलो! उरलेलं तीन किलो ड्रिपरमधून जाणार कसं? वर राहिलं ते मुख्यतः मॅग्नेशियम नायट्रेट. नत्र गेलं नाही. ज्या कॅल्शियमसाठी पैसे मोजले, तेच अडकलं.

हे पोतं फोडण्याआधीच ओळखता येतं. कॅल्शियम नायट्रेटच्या जोडीला सल्फेट किंवा फॉस्फेट नको. म्हणजे 00:00:50 (पोटॅशियम सल्फेट) नको, 12:61:00 आणि 00:52:34 ही फॉस्फेटची खतं पण नको. (पोत्यावरचे आकडे म्हणजे नत्र, स्फुरद, पालाशचे टक्के.) 13:00:45 हे पोटॅशियम नायट्रेट, ते चालतं. शंका असेल तर ड्रीपला जातं तेच 1 लिटर पाणी काचेच्या बरणीत घ्या, दोन्ही खतं 25-25 ग्रॅम ढवळा आणि अर्धा तास थांबा; पाणी दुधाळ झालं किंवा गाळ बसला तर ती जोडी नको. तुमच्या बॅरलाचंही प्रमाण हेच होतं. मॅग्नेशियम सल्फेट दोन-तीन दिवसांनी वेगळं सोडा.

तुंबलेल्या नळ्यांत ॲसिड ओतून उपयोग नाही. त्यानं फॉस्फेटचा गाळ सुटतो, जिप्समचा नाही. लॅटरलची (ड्रिपर बसवलेल्या नळ्यांची) टोकं उघडून भरपूर पाणी सोडा, न सुटलेले ड्रिपर बदला. बॅरलातला गाळ मात्र खुशाल रानात पसरा; कृष्णाकाठच्या चोपण (सोडियम वाढलेल्या) जमिनीत तर जिप्सम विकत आणून टाकतात.

अथणीकडच्या एका द्राक्ष बागायतदारानं विचारलंय, कॅल्शियम नायट्रेटच्या पाण्यात बोर्डोसाठी (मोरचूद-चुन्याच्या बुरशीनाशकासाठी) भिजवलेला चुना पडला आणि डोळे झोंबणारा वास सुटला, तो नायट्रेटचा का? तो अमोनियाचा. बाजारातल्या दाणेदार कॅल्शियम नायट्रेटच्या 15.5 टक्के नत्रात साधारण 1 टक्का अमोनियम रूपात असतं, आणि चुना त्याला वायू करून हाकलतो. नायट्रेट जागेवरच राहतं. तरी ते पाणी बोर्डोच्या पंपात घालू नका.