दही, ताक, आंबील आणि रक्तातली साखर

प्रश्न : वडील ६२ वर्षांचे आहेत, मधुमेहासाठी मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड या गोळ्या चालू आहेत. औषध दुकानदाराने प्रोबायोटिक (उपयुक्त जिवंत जिवाणूंची) कॅप्सूल सुचवली, 'गोळ्या कमी होतील' म्हणाला. घरी रोज ताक असतेच. कॅप्सूल घ्यावी का? आणि येळवशीचे (शेतात साजऱ्या होणाऱ्या वेळ अमावास्येचे) आंबील, म्हणजे ज्वारीचे पीठ ताकात आंबवून केलेले पेय, चालेल का?
— एक वाचक, औसा

उत्तर : कॅप्सूलच्या भरवशावर एकही गोळी कमी करू नका. टाइप २ मधुमेहात प्रोबायोटिकचे जे प्रयोग झाले, त्यांत तीन महिन्यांची साखर, म्हणजे एचबीए१सी, फार तर पाव ते अर्धा टक्का उतरलेली दिसते. काहींत काहीच फरक नाही. एकट्या मेटफॉर्मिनने ती एक टक्क्याच्या आसपास उतरते. घ्यायचीच असेल तर डॉक्टरांना विचारून घ्या. पाकिटावर जिवाणूचे पूर्ण नाव आणि मुदत संपेपर्यंत जिवंत राहणारी संख्या छापलेली असावी. बहुतेक प्रयोगांत ती दिवसाला १०० कोटी किंवा त्याहून जास्त होती. अँटिबायोटिक चालू असेल तर दोन्हींत किमान २ तासांचे अंतर ठेवा. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे किंवा केमो चालू असलेल्यांनी मनाने घेऊच नये.

दह्यातले किंवा कॅप्सूलमधले जिवाणू आतड्यात पाहुणे असतात. खाणे थांबले की थोड्या दिवसांत निघून जातात. साखरेच्या दृष्टीने मोठे काम तिथे कायम राहणाऱ्या जिवाणूंचे. आपल्याला न पचलेला चोथा (फायबर) ते आंबवतात, त्यातून ब्युटिरेटसारखी आम्ले तयार होतात. ही आम्ले आतड्याच्या पेशींना जीएलपी-१ हे संप्रेरक सोडायला लावतात. त्याने जठर सावकाश रिकामे होते आणि साखर वाढल्यावर इन्शुलिन सुटायला मदत होते. म्हणून आधी या जिवाणूंच्या खाद्याचे बघा. १०० ग्रॅम ज्वारीत साधारण १० ग्रॅम चोथा असतो. पीठ चाळून कोंडा टाकू नका. जोडीला मटकी, हरभरा, शेपू, मेथी, गवार असू द्या. मात्र त्याच १०० ग्रॅममध्ये ६८ ग्रॅमच्या आसपास कर्बोदकेही आहेत, आणि आपल्याकडची मोठी भाकरी सहज ८०-१०० ग्रॅम पिठाची होते. एकदा पीठ तराजूवर मोजाच. शिळ्या भाकरीतले थोडे पिष्ट न पचता मोठ्या आतड्यापर्यंत पोचते, त्यामुळे ती ताकात कुस्करून खाणे चांगलेच. पण एक भाकरी ती एकच भाकरी.

चोथा एकदम वाढवला तर पोट फुगते, त्यात मेटफॉर्मिनमुळे आधीच गॅस होत असतो. दर आठवड्याला थोडे थोडे वाढवा.

ताक रोज १ वाटी दह्याचे, बिनसाखरेचे. रक्तदाब असेल तर मीठ चिमूटभरच. कढी उकळली की त्यातले जिवाणू मरतात. आंबिलाचेही तेच : पीठ आधी शिजवून, पूर्ण गार करून मग ताक घातले आणि आंबू दिले तर जिवाणू जिवंत, आंबवून नंतर शिजवले तर फक्त आंबट चव उरते. येळवशीला एक पेला आंबील जरूर द्या, पण त्यातले पीठ त्या जेवणातल्या भाकरीतून वजा करा. खीर आणि तिळाच्या पोळ्या यांकडे जास्त लक्ष ठेवा. ग्लिमेपिराइड घेऊन शेतात उशिरापर्यंत उपाशी राहणे तर मुळीच नको, साखर एकदम खाली जाते.

फरक पडतो का ते पाहायचे असेल तर गोळ्या न बदलता ३ महिने हे करा आणि मग एचबीए१सी तपासा. तीन महिन्यांच्या आत पुन्हा तपासून उपयोग नाही, कारण ही तपासणी रक्तातल्या तांबड्या पेशींना चिकटलेली साखर मोजते आणि त्या पेशी साधारण १२० दिवस जगतात.

प्रश्न : उन्हाळ्यात दही आंबट होते, पाणी सुटते, कधी तार धरते. असे दही मधुमेह असलेल्या आईला द्यावे का?
— एक वाचक, गंगाखेड

उत्तर : नुसते आंबट असेल तर चालते, दुधातली थोडी साखर आम्लात गेलेली असते. दूध उकळून बोटाला सोसेल इतके कोमट होऊ द्या. त्याहून गरम दुधात विरजण मरते. उन्हाळ्यात अर्ध्या लिटरला अर्धा चमचा विरजण पुरे. ४-५ तासांत लागले की लगेच फ्रीजमध्ये ठेवा. बाहेर राहिले की आम्ल वाढत जाते आणि पाणी सुटते. तार धरणे म्हणजे बहुधा विरजणात भलतेच जिवाणू शिरले : ते टाका, भांडे उकळत्या पाण्याने धुवा, विरजण दुसऱ्या घरून आणा. बुरशी किंवा उग्र वास असेल तर थेंबही देऊ नका. आईला मूत्रपिंडाचा त्रास असेल तर दह्याचे प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्या, कारण त्यात पोटॅशियम आणि फॉस्फरस असते.