वाचकांचे प्रश्न : झडप बदलताना हृदयाचा स्नायू कसा जपतात?

प्रश्न : वडिलांची महाधमनीची झडप गळते, ती बदलायची आहे. तास-दीड तास हृदय बंद ठेवणार म्हणतात. तेवढ्यात स्नायूला इजा होत नाही का?

उत्तर : होऊ शकते. म्हणून महाधमनीला चिमटा (क्लॅम्प) लावून हृदयाचा रक्तपुरवठा तोडला की लगेच हृदय थांबवून त्याची ऑक्सिजनची भूकच मारतात. धडधडणाऱ्या हृदयाच्या 100 ग्रॅम स्नायूला मिनिटाला साधारण 8 ते 10 मिलिलिटर ऑक्सिजन लागतो. थांबलेल्याला जेमतेम 1 मिलिलिटर पुरतो. त्यालाच 22 अंश सेल्सिअसपर्यंत गार केल्यास 0.3 च्या आसपास. मोठी बचत थांबवण्यातच आहे, बर्फाचं कौतुक जरा जास्तच होतं.

थांबवण्याचं काम कार्डिओप्लेजियातलं (हृदय थांबवणाऱ्या द्रावणातलं) पोटॅशियम करतं, लिटरला साधारण 15 ते 25 मिलिमोल. (1955 साली लंडनमधले डॉ. मेलरोझ यांनी पोटॅशियम सायट्रेट वापरलं, ते इतकं तीव्र होतं की स्नायूलाच इजा होई.) चार भाग रक्त आणि एक भाग द्रावण असं मिश्रण असेल तर दर 15-20 मिनिटांनी पुन्हा द्यावं लागतं. डेल निडो पद्धतीत प्रमाण उलटं असतं, सोबत लिडोकेन हे बधिरीकरणाचं औषध; एकच डोस बराच वेळ पुरतो.

तुमच्या वडिलांच्या बाबतीत खरी अडचण गळतीची. एरवी क्लॅम्प लावून महाधमनीच्या मुळाशी द्रावण सोडलं की ते दाबाने कोरोनरी धमन्यांत (हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांत) शिरतं. झडप गळकी असेल तर ते डाव्या जवनिकेत (हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्यात) उतरतं. हृदय लवकर थांबत नाही, जवनिका फुगते आणि आतल्या थराच्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात. म्हणून महाधमनी उघडून दोन्ही कोरोनरींच्या तोंडात थेट नळी धरतात, किंवा कोरोनरी सायनसमधून (हृदयाच्या स्नायूतलं रक्त गोळा करणाऱ्या शिरेतून) उलट्या दिशेने द्रावण देतात. तिथला दाब पाऱ्याच्या 40 मिलिमीटरच्या वर जाऊ देत नाहीत, शीर फाटू शकते. उलट्या मार्गाने उजव्या जवनिकेला मात्र अपुरं मिळतं, त्यामुळे दोन्ही मार्ग वापरणं शहाणपणाचं. डावी जवनिका रिकामी ठेवायला उजव्या वरच्या फुप्फुसशिरेतून व्हेंट (रक्त ओढून घेणारी नळी) घालतात.

प्रश्न : ईसीजी सरळ झाला म्हणजे सगळीकडे द्रावण पोचलं ना?

उत्तर : नाही. वीज थांबली एवढंच त्यातून कळतं. जाड झालेल्या स्नायूच्या आतल्या थराला कमी मिळालं तर ते क्लॅम्प काढल्यावर, आकुंचन मंद पडल्यावर दिसतं. अर्थात प्रत्येक मंदपणा संरक्षणातल्या चुकीमुळेच येतो असं नाही. उताण्या रुग्णात उजव्या कोरोनरीचं तोंड वरच्या बाजूला असतं. उरलेली हवा तिथेच शिरते आणि उजवी जवनिका काही मिनिटं ढेपाळते. अशा वेळी हृदय-फुप्फुस यंत्रावरच थांबून रक्तदाब वाढवला की हवा पुढे ढकलली जाते.