पुडीने चार दिवसांत गुण आला, म्हणूनच मला काळजी वाटतेय

पत्र देवगड तालुक्यातल्या एका आईचं आहे. नाव छापत नाही. मुलगा सात वर्षांचा, बालदमा आहे, दर पावसाळ्यात छाती भरते, रात्र रात्र बसून काढावी लागते. डॉक्टरांनी रोजचा पंप दिलाय आणि धाप लागली तर घ्यायचा निळा पंप दिलाय. पण "पंपाची सवय लागता, मगे जल्मभर सुटत नाय" असं सासूबाई म्हणतात म्हणून दीड महिन्यापूर्वी त्या नातवाला एका गावठी औषधवाल्याकडे घेऊन गेल्या. त्याने कागदात बांधलेल्या पुड्या दिल्या, सकाळ-संध्याकाळ मधातून. चार दिवसांत धाप थांबली, भूक वाढली, गाल वर आले, सगळं घर खूश. रोजचा पंप तेव्हापासून बंद आहे. नवरा मुंबईला असतो, त्याने इम्युनिटी पावडरचा डबा आणि डी जीवनसत्त्वाची पाकिटं पाठवलीत. आता चुलतसासरे म्हणतात मृग लागला की हैदराबादला नेऊन माशाचं औषध देऊ. ती विचारते, ताई, डॉक्टरांना हे सगळं सांगू का, ते ओरडतील, आणि सासूबाईंना वाईट वाटेल ते वेगळंच.

अगं, आधी हे ऐक. लेकराला रात्री बसून श्वास ओढताना बघितलेली आई जिथे कोण सांगेल तिथे जाते, त्यात तुझं काही चुकलं असं मी अजिबात म्हणणार नाही, आणि सासूबाईंचंही नाही, त्यांनी नातवाच्या मायेनेच नेलं. पण तुझ्या पत्रातलं एक वाक्य मी परत परत वाचलं, ते म्हणजे भूक वाढली आणि गाल वर आले. तुला ते बाळसं वाटलं. मला भीती वाटली. दम्यावरच्या बिननावाच्या पुड्यांमध्ये स्टिरॉइडच्या गोळ्या कुटून घातलेल्या आपल्या देशात पुन्हा पुन्हा सापडल्यात, आणि स्टिरॉइडने अगदी हेच होतं, चार दिवसांत छाती मोकळी, भूक खूप, पुढे पुढे तोंड गोल. तुमच्या पुडीत तेच आहे असं इथे बसून मी सांगू शकत नाही, ते डॉक्टरच तपासून सांगतील, पण इतक्या पटकन गुण आला की आधी हाच संशय घ्यायचा.

आणि बघ ना, सवय लागेल या भीतीने जो रोजचा पंप बंद केलात त्यातही स्टिरॉइडच असतं, पण ते असतं मायक्रोग्रॅममध्ये, म्हणजे मिलिग्रॅमच्या हजाराव्या भागात मोजायचं, श्वासावाटे थेट श्वासनळीत पोचतं, बाकी अंगात फार थोडं जातं आणि किती आहे ते डब्यावर छापलेलं असतं. पुडीत गोळी कुटलेली असेल तर ती मिलिग्रॅममध्ये असणार, सगळ्या अंगात जाणार, आणि किती ते देणाऱ्यालाही सांगता येणार नाही. पंपाने उंचीवर थोडा परिणाम होतो हे खरं आहे, वर्षानुवर्षं घेतलेल्या मुलांमध्ये मोठेपणी साधारण एक सेंटिमीटरचा फरक दिसलाय, पण आटोक्यात नसलेल्या दम्यानेही वाढ खुंटतेच. आणि सवय म्हणशील तर पंपाचं व्यसन लागत नाही, दमा आटोक्यात राहिला की डॉक्टर स्वतःच डोस कमी करत आणतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं, नीट वाच. पुडी आज रागाने फेकून देऊ नकोस. दीड महिना बाहेरून स्टिरॉइड मिळालं असेल तर शरीराने स्वतःचं बनवायचं कमी केलेलं असतं, आणि अशात एकदम बंद केलं तर पोर गळून जातं, उलट्या होतात, बीपी आणि साखर खाली येते, जीवावर बेतू शकतं. म्हणून उद्याच डॉक्टरांकडे जा, उरलेल्या पुड्या कागदासकट घे, डबा घे, पाकिटं घे, सगळं एका पिशवीत घालून त्यांच्या टेबलावर ठेव आणि कधीपासून किती दिलं ते सांग. ते सकाळचं रक्त तपासून बघतील, काय कसं हळूहळू बंद करायचं ते ठरवतील, रोजचा पंप परत कसा चालू करायचा तेही सांगतील. शिसं-पारा यांचीही तपासणी करायची का ते विचार. अमेरिकेत बोस्टनमधल्या दुकानांत मिळणारी आपल्याकडची आयुर्वेदिक औषधं तपासली होती, 2004 साली निकाल आला, 70 पैकी 14 मध्ये शिसं, पारा नाहीतर आर्सेनिक निघालं, आणि ती तर छापील लेबलवाली होती. ओरडले डॉक्टर तर ओरडू दे, दोन मिनिटं ऐकून घे, पण लपवू नकोस, कारण त्यांना पुडी माहीतच नसेल तर ते पोराच्या गळाठ्याचं कारण भलतीकडे शोधत बसतील.

आयुर्वेदाला मी नावं ठेवत नाहीये. शिकलेला वैद्य असेल तर तो काय देतोय ते चिठ्ठीवर लिहून देतो, बाटलीवर घटक, लायसन नंबर, बॅच, तारीख सगळं असतं आणि तो चालू पंप बंद करायला सांगत नाही. कागदाच्या पुडीवर यातलं काय आहे? दमा कायमचा बरा करतो असा दावा औषधावर करायलाच आपल्या औषध नियमांत बंदी आहे, शेड्यूल जे नावाच्या बंदीच्या यादीत दम्याचं नाव आहे, तेव्हा कोणी तसं छातीठोक सांगितलं तर तिथूनच मागे फिरायचं.

गुण आल्याच्या गोष्टी गावोगाव ऐकायला मिळतात त्याचंही कारण आहे. बालदमा सारखा कमीजास्त होत राहतो, पाऊस संपला, हवा कोरडी झाली की पुष्कळ पोरांना आपोआप बरं वाटतं, वयात येता येता बऱ्याच जणांचा त्रास उतरतो, आणि त्या वेळी जे काही चालू असेल त्याला श्रेय मिळतं. हैदराबादचंही तसंच. औषधाची पिवळी गोळी जिवंत छोट्या माशाच्या तोंडात घालून तो मासा गिळायला लावतात, घटक कोणाला सांगत नाहीत, तीन वर्षं ओळीने यायला सांगतात. पैसे घेत नाहीत, श्रद्धेने लोक जातात, मान्य. पण ज्या पोराला आधीच श्वासाचा त्रास आहे त्याला एवढ्या गर्दीत उभं करून जिवंत मासा गिळायला लावायचा? मी तरी नेणार नाही.

पाकिटांचं विचारलंयस. डी जीवनसत्त्वाच्या त्या पाकिटात 60,000 युनिट असतात, ते रोज द्यायचं नसतंच, डॉक्टरांनी सांगितलं तरच आणि सांगतील तितकेच आठवडे, रोज दिलं तर रक्तातलं कॅल्शियम वाढून किडनीवर येतं. पावडरचा डबा बंद केलास तरी काही बिघडणार नाही.

सासूबाईंना दवाखान्यात बरोबर ने, मागे ठेवू नकोस, त्यांना जे विचारायचंय ते डॉक्टरांना त्यांनाच विचारू दे. आणि घरात खरा उपयोगी पडेल असा भाग त्यांच्याकडे दे, कारण कोकणातल्या घरात त्रास वाढवणाऱ्या गोष्टी त्यांनाच जास्त माहीत. न्हाणीत पाणी तापवायला जाळ घालतात तेव्हा मुलगा कुठे असतो? मच्छर कॉइल बंद करून मच्छरदाणी लावा. भिंतीला ओल येऊन काळी बुरशी धरली असेल त्या खोलीत त्याला झोपवू नका, ऊन पडलं की गोधड्या बाहेर टाका. भाजावळीच्या दिवसांत आणि काजूबिया भाजताना त्याला लांब ठेवा. छातीला नुसतं कोमट खोबरेल चोळलं तर चालेल, त्यात कापूर नको, तो पोटात गेला तर लहान पोरांना फिट येतात. आणि मासे बंद केलेत असं लिहिलंयस, ते कशाला? माशाची ॲलर्जी असल्याशिवाय बांगडा-पेडवे तोडायचं कारण नाही, खाऊ दे की पोराला.

पंप स्पेसर, म्हणजे पंप आणि तोंडाच्या मधली पोकळ नळी, लावूनच दे, हलवून एक फवारा, पाच-सहा सावकाश श्वास, मग दुसरा, आणि रोजच्या पंपानंतर चूळ भरायला लाव.

तोपर्यंत एवढं ध्यानात ठेव. बरगड्यांमध्ये खड्डे पडायला लागले, एक वाक्य धड बोलता येईना, ओठ निळसर दिसले किंवा निळ्या पंपाचा आराम तीन-चार तासही टिकेना, तर सकाळची वाट बघायची नाही, 108 ला फोन. पुडी आधीच बंद केली असशील आणि मुलगा मलूल पडला, उलट्या करतोय असं झालं तरीही तेच, आणि तिथे गेल्या गेल्या पहिलं सांगायचं की दीड महिना पुडी चालू होती. नवऱ्यालाही आज रात्री फोनवर सगळं सांग, म्हणजे उद्या दवाखान्यातून त्याच्याशी बोलायची वेळ आली तर पहिल्यापासून सुरुवात करावी लागणार नाही.