दहावीला इंग्रजी लेखन शिकवताना

मॅडम, पहिल्याच तासाला नमुना पत्र फळ्यावर लिहून देऊ नका. मुलं ते पाठ करतात आणि ८० गुणांच्या पेपरात विषय बदलला की अडकतात. त्यापेक्षा पत्राच्या ओळी कागदाच्या पट्ट्यांवर लिहा, चौघाचौघांना वाटा, क्रम त्यांनाच लावू द्या. तारीख कुठे, विषय कुठे यावर मुलं इतकी हिरिरीने भांडतात की आराखडा आपोआप डोक्यात बसतो! 'इन्फर्मेशन ट्रान्सफर'साठी, म्हणजे तक्त्यातली माहिती वाक्यांत मांडण्याच्या प्रश्नासाठी, मी एसटी स्टँडवरचं वेळापत्रक उतरवून नेते. 'द बस लीव्हज ॲट सेव्हन' आधी तोंडून येऊ दे, मग वहीत. तपासताना फार तर दोन चुका दाखवा. लालेलाल वही पाहून माझ्या एका विद्यार्थिनीने लिहिणंच सोडलं होतं. तिला परत लिहितं करायला मला अख्खं सत्र लागलं.