‘हे बाळाला लागेल का?’: अल्सरेटिव्ह कोलायटिस आणि घराण्याची भीती

देवगडजवळच्या वाडीतलं जोडपं सल्ल्यासाठी आलं. तिला चार वर्षांपासून अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याला सूज येऊन व्रण पडण्याचा जुनाट आजार. गोळ्यांवर तो छान शांत होता. मूल हवं म्हणून तिने मनानेच मेसालामाइन, म्हणजे त्या गोळ्या, बंद केलं आणि दीड महिन्यात पुन्हा शौचातून रक्त सुरू झालं. सोबत आलेल्या सासूबाईंनी आडपडदा न ठेवता विचारलं, “नातवाक ह्यां दुखणां येतलां काय?” हा आजार असलेल्या बहुतेक घरांत हीच भीती असते, फक्त बोलून कोणी दाखवत नाही.

आधी तीन पिढ्यांची वंशावळ काढली. पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ, आजारी असेल त्याचं चिन्ह काळं. तिच्या मामाचं ‘आतडं खराब होतं’ म्हणून घरच्यांनी त्याचाही चौकोन काळा करायला लावला. जुनी फाईल मागवली, तर बायप्सीत टीबी, सहा महिने औषधं आणि नंतर काहीच त्रास नाही. आतड्याचा टीबी आणि क्रोन्स (अल्सरेटिव्ह कोलायटिसचाच भाऊबंद असलेला आतड्याच्या सुजेचा आजार) दुर्बिणीतून सारखेच दिसू शकतात, त्यामुळे ‘घराण्यातच आहे’ हे ऐकीव धरून चालत नाही. मामाचा चौकोन कोरा झाला.

मग नवऱ्याने मोबाइल पुढे केला. ऑनलाइन किट मागवून त्याने स्वतःची लाळ तपासली होती. अहवालात ‘धोका १.६ पट’. आकडा घाबरवतो, पण कशाच्या १.६ पट? पंजाबातल्या २००३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत अल्सरेटिव्ह कोलायटिस लाखात सुमारे ४४ जणांना आढळला होता. ४४ चे झाले ७०. लाखातले उरलेले ९९,९३० निरोगीच. शिवाय असे हिशेब मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांवरून बसवलेले असतात. २००१ साली सापडलेल्या एनओडी२ जनुकातले तीन गाजलेले बदल आपल्या लोकांत क्वचितच दिसतात, आणि त्यांचा संबंधही क्रोन्सशी आहे. या आजारांशी निगडित जागा जनुकांत दोनशेच्या वर सापडल्या आहेत. बहुतेक जागा धोका जराशाच वाढवतात.

सासूबाईंना पटलं ते जुळ्यांचं. एकसारख्या जुळ्यांची जनुकं जवळजवळ तीच, तरी एकाला अल्सरेटिव्ह कोलायटिस असेल तर दुसऱ्याला तो साधारण दहातल्या एकदोन जोड्यांतच होतो. आईवडिलांपैकी एकालाच असेल तर मुलाला होण्याची शक्यता शंभरात सुमारे दोन. हा आकडाही पाश्चात्त्य कुटुंबांतला. दोघांनाही असेल तर मात्र ती एकतृतीयांशापर्यंत जाते. आणि मूल सहा वर्षांच्या आत आजारी पडलं, त्यातून आईवडील नात्यातले असतील, तर एकाच जनुकाचा दोष शोधायला जनुक तपासणी करायलाच हवी. इथे यातलं काहीच नव्हतं.

खरी काळजी बंद केलेल्या गोळ्यांची होती. आजार भडकलेला असताना गर्भ राहिला तर गर्भपात, अपुऱ्या दिवसांचं बाळंतपण आणि कमी वजनाचं बाळ यांचा धोका वाढतो. मेसालामाइन गरोदरपणात चालतं. पोटाच्या डॉक्टरांनी ते पुन्हा सुरू केलं, सोबत फॉलिक ॲसिड. स्टिरॉइडशिवाय किमान तीन महिने आजार शांत राहिला की मगच पाळणा, असं ठरलं. शांत आहे की नाही हे शौचाच्या कॅलप्रोटेक्टिन (आतड्याच्या सुजेची खूण असलेलं प्रथिन) तपासणीतून कळतं. त्याआधी डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन घेतलं तर आकडा उगाच चढतो. या आजारांत कधी दिलं जाणारं मेथोट्रेक्सेट चालू असेल तर ते किमान तीन महिने आधी थांबवावं लागतं, तेही डॉक्टरांना विचारूनच. याच आजाराचं सल्फासॅलाझिन हे औषध घेणाऱ्या नवऱ्यांचे शुक्राणू घटतात, पण औषध बदलल्यावर दोनतीन महिन्यांत भरून येतात.

पैसे खर्चायचेच तर एका जनुक तपासणीवर जरूर खर्चावेत: ॲझाथायोप्रिन (प्रतिकारशक्ती आवरणारं औषध) सुरू करण्याआधी एनयूडीटी१५ या जनुकाची. त्यातला बदल आपल्याकडे बऱ्यापैकी आढळतो. तो असेल तर नेहमीच्या मात्रेतही काही आठवड्यांत पांढऱ्या पेशी कोसळू शकतात, केस पुंजक्याने गळू शकतात. अहवाल चांगला आला तरी सुरुवातीला सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) वारंवार करायचाच.

बाळाची लाळ तपासायची गरज नाही. पुढे कधी त्याला शौचातून रक्त, लांबलेले जुलाब किंवा वजन न वाढणं दिसलं, तर बालरोगतज्ज्ञांना पहिल्याच भेटीत आईचा आजार सांगायचा.