बरोबरी कुणाची?

अनेक आशीर्वाद.

पत्रास कारण, स्पेनच्या फुटबॉल प्लेऑफवरचा तुझा लेख. परवा रात्री वाचला, काल सकाळी चहाबरोबर पुन्हा वाचला आणि मग पेन्सिल घेऊन बसलो. क्रीडापान सुटून काही वर्षं झाली, तरी कागद समोर आला की हात आपोआप समासाकडे जातो.

लेख चांगला झालाय हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे सगळी कुरकुरच आहे. २१ जून २०२५ची रात्र, ओव्हिएदोचं मैदान, चाळिशीतला सांती काझोर्ला आणि २४ वर्षांनी स्पेनच्या पहिल्या श्रेणीत परतलेला क्लब. काझोर्लाबद्दल तू लिहिलंस ते खरंच आहे. ज्या क्लबात तो लहानपणी खेळला तिथे तो उतारवयात किमान पगारावर परत आला, आणि त्या रात्रीची पेनल्टीही त्यानंच मारली. त्याच्या डोळ्यांतल्या पाण्यावर तू दोन परिच्छेद खर्च केलेस. करायला हरकत नाही. पण नव्वद मिनिटं संपली तेव्हा समोरच्या मिरान्देसचे खेळाडू घायकुतीला का आले होते, हे बाराशे शब्दांत कुठेच येत नाही.

हिशेब मांडून बघ. पहिली लढत मिरान्देसनं आपल्या घरी १-० अशी जिंकलेली. परतीच्या लढतीत नव्वद मिनिटांनंतर ओव्हिएदो २-१नं पुढे. दोन्ही लढतींचे एकत्रित गोल २-२. मग अर्ध्या तासाचा जादा वेळ. तोही बरोबरीत गेला तर? तू लिहिलंयस, 'पेनल्टी शूटआउटचं सावट होतं.' अगं, नव्हतं! स्पेनच्या दुसऱ्या श्रेणीच्या प्लेऑफमध्ये शूटआउट होतच नाही. १२० मिनिटांनंतरही बरोबरी राहिली तर साखळीत ज्याचा क्रमांक वरचा, तो वर जातो. दोघांचेही ४२ सामन्यांत ७५ गुण होते, पण ओव्हिएदो तिसरं आणि मिरान्देस चौथं. म्हणजे २-१ झाल्यापासून बरोबरी ओव्हिएदोची होती. जादा वेळेत पोर्तियोनं मारलेला तिसरा गोल, ज्याला तू 'निर्णायक' म्हटलंस, तो झाला नसता तरी ओव्हिएदोच वर गेलं असतं. त्या गोलानं फक्त लोकांना श्वास घेऊ दिला.

म्हणून प्लेऑफवर लिहायला बसलीस की संघ, खेळाडू, इतिहास हे सगळं नंतर. आधी वहीच्या कोपऱ्यात एक ओळ लिही: बरोबरी कुणाची? ती ओळ सापडली की कोण धावणार, कोण वेळ काढणार, कुणाचा गोलकीपर गोलकिकला अर्धा मिनिट घेणार, हे तुला आधीच कळलेलं असेल.

आपल्या वाचकाची एक अडचण तू विसरतेस. तो आयपीएल बघून मोठा झालाय. त्याच्या लेखी प्लेऑफ म्हणजे विजेतेपदाची शेवटची पायरी. स्पेनच्या खालच्या श्रेणींत चित्र उलटं आहे. प्लेऑफ खेळतात ते लीग न जिंकलेले. दुसऱ्या श्रेणीत २२ संघ. पहिले दोन थेट वर, आणि तिसरा ते सहावा या चौघांत उरलेल्या एका जागेसाठी मारामारी. त्याखाली २०२१पासूनची 'प्रिमेरा फेदेरासिओन', म्हणजे खरं तर तिसरी श्रेणी. तिथे २०-२० संघांचे दोन गट. गटविजेता थेट वर, आणि दुसरा ते पाचवा प्लेऑफला. हे दोन ओळींत सांग आणि पुढे जा. यावर अख्खा परिच्छेद लिहिलास तर वाचक तिथेच उतरून जाईल.

आता तुला तीन सामने देतो. तिन्ही पूर्ण बघ, झलक नको. झलकेत गोल दिसतात, पण बरोबरीचं ओझं कुणाच्या खांद्यावर होतं ते दिसत नाही.

पहिला, जून २०२३ची लेव्हान्ते-अलावेस अंतिम लढत. लेव्हान्ते तिसरं, अलावेस चौथं. पहिली लढत ०-०. परतीची लेव्हान्तेच्या घरी, तीही १२० मिनिटं ०-०. लेव्हान्तेला काहीच करायचं नव्हतं, फक्त घड्याळ पुढे सरकायला हवं होतं. मग व्हीएआर (पंचांची व्हिडिओ तपासणी), हाताला लागलेला चेंडू, पेनल्टी, आणि १२९व्या मिनिटाला असिएर व्हियालिब्रेचा गोल. अलावेस पहिल्या श्रेणीत. शेवटचं मिनिट सगळ्यांनी पाहिलंय. तू त्याआधीचा तासभर बघ. बरोबरी पदरात असलेला संघ ती खर्च न करता कसा जपत बसतो, आणि जपता जपता कसा मागे मागे सरकतो. मला शूटआउटपेक्षा हा नियम आवडतो, कारण साखळीतल्या ४२ सामन्यांना किंमत राहते. पण त्यानं वरचा संघ भित्रा होतो, हेही कबूल करायला हवं.

दुसरा सामना तारागोनाचा. तिथल्या 'जिम्नॅस्टिक' क्लबला लोक लाडानं काय म्हणतात माहीत आहे? नास्तिक! २२ जून २०२४, तिसऱ्या श्रेणीच्या प्लेऑफची अंतिम लढत. साखळीत दुसरं आलेलं नास्तिक पहिली लढत मालागात १-२ अशी हरून आलेलं. परतीच्या लढतीत जादा वेळही संपत आला तेव्हा २-१नं पुढे, एकत्रित ३-३. बरोबरी नास्तिकची. अगदी शेवटी, जादा वेळेच्याही भरपाईत, आन्तोनितो कोर्देरो नावाच्या सतरा वर्षांच्या पोरानं मालागाचा गोल केला. हेच मालागा २०१३मध्ये चॅम्पियन्स लीगची उपांत्यपूर्व फेरी खेळलं होतं आणि दहा वर्षांत तिसऱ्या श्रेणीत येऊन पडलं होतं. नास्तिक २०२२ची अंतिम लढत हरलं होतं, २०२५चीही हरलं. 'देव रुसला' छापाचा मथळा तुझ्या जिभेवर आलाच असेल. माझ्याही आला. थोडा वेळ तिथेच राहू दे.

तिसऱ्या सामन्यात नियम वेगळा आहे, म्हणून तो मुद्दाम. मे २०१८, तिसऱ्या श्रेणीचं नाव तेव्हा 'सेगुन्दा बे' होतं. चार गट, आणि चार गटविजेत्यांचे आपसात दोन सामने. जिंकला तो वर. हरला त्याला बाकीच्यांबरोबर आणखी एक संधी, आपल्या आयपीएलच्या क्वालिफायर-१सारखीच. त्या काळी एकत्रित बरोबरी झाली तर बाहेरच्या मैदानावरचा गोल भारी धरत. कार्ताखेनानं रायो माखादाओन्दाला घरी २-१ हरवलं. परतीच्या लढतीत ९६व्या मिनिटापर्यंत ०-०. आणि मग कार्ताखेनाच्याच खेळाडूचा स्वयंगोल. एकत्रित २-२, पण बाहेर केलेला गोल माखादाओन्दाच्या खात्यात. दुसऱ्या संधीतही कार्ताखेनाला वर जाता आलं नाही. २०१९मध्येही नाही. २०२०मध्ये कोरोनामुळे साखळी अर्धवट थांबली, प्लेऑफ जुलैत आंदालुसियात रिकाम्या स्टेडियममध्ये एकेका सामन्यावर आले, आणि त्या वर्षी शूटआउट होतं! कार्ताखेना अ‍ॅटलेटिको बालेआरेसविरुद्ध ०-०नंतर पेनल्टीवर वर गेलं.

नियम दर काही वर्षांनी बदलतो, हे लक्षात आलं ना? म्हणून जुन्या माहितीवर कधी लिहू नकोस. त्या हंगामाचा नियम त्या हंगामात बघायचा.

जाता जाता, बालेआरेसकडून खेळलेला होर्हे ओर्तिझ त्याच वर्षी एफसी गोवाकडे आला. रासिंग सान्तान्देरचा आल्बेर्तो नोगेराही. तो अख्खा आयएसएल (आपली फुटबॉल लीग) हंगाम गोव्यातच, बंद दाराआड झाला. आपल्याकडचा एकही वार्ताहर त्यांच्याकडून प्लेऑफबद्दल चार वाक्यं काढून आणू शकला नाही. त्यात मीही आलो. घरी बसून ओर्तिझ डावीकडून किती छान आत येतो यावर लिहीत होतो. तू असा कुणी हाताशी लागला तर सोडू नकोस. स्पेनच्या खालच्या श्रेणींतले खेळाडू भारतात येत असतात, आणि त्यांना गोलांपेक्षा त्या जूनबद्दल विचारलेलं आवडेल असा माझा अंदाज आहे. स्पेनमध्ये करार साधारण ३० जूनला संपतात. प्लेऑफची अंतिम लढत त्याच्या आठवडाभर आधी. ज्याचा करार त्या वर्षीच संपतोय, तो पेनल्टी बॉक्समध्ये उभा असतो तेव्हा जुलैत घरभाडं कुठल्या गावात भरायचं हेही त्याला ठाऊक नसतं. हे मी तुझ्या लेखात शोधत होतो.

आता माझी एक गोष्ट सांगतो. ही फार जणांना सांगितलेली नाही.

२२ जून २०१४. ब्राझीलमध्ये विश्वचषक चालू. मी रात्रपाळीला. बेल्जियमनं रशियाला हरवल्याची बातमी वर लावली होती आणि पानाच्या उजव्या कोपऱ्यात सहा ओळींची जागा उरली होती. जाहिरात ऐन वेळी रद्द झालेली. तिथे मी हौसेनं स्पेनच्या दुसऱ्या श्रेणीची अंतिम लढत घ्यायची ठरवली. लास पाल्मास विरुद्ध कोर्दोबा. पहिली लढत ०-०. परतीच्या लढतीत आपोन्योच्या गोलानं लास पाल्मास १-० पुढे. एका साइटवर ओळीओळीनं वर्णन येत होतं. नव्वद मिनिटं झाली, आणि पुढची ओळ आली: प्रेक्षक मैदानात. मी म्हटलं, झालं. सहा ओळी टाकल्या, मथळा दिला, 'लास पाल्मास पहिल्या श्रेणीत'. खालून फोन आला, पान सोडा. सोडलं. उरलेला गार चहा पिऊन घरी गेलो.

प्रेक्षक मैदानात आले होते हे खरं, पण सामना संपला नव्हता. भरपाईची मिनिटं शिल्लक असताना उत्साही लोक कठडे ओलांडून आत शिरले होते. पंचांनी खेळ थांबवला, मैदान रिकामं केलं, खेळ पुन्हा सुरू झाला, आणि काही क्षणांत मेक्सिकोच्या उलिसेस दाव्हिलानं गोल केला. १-१. बाहेरच्या मैदानावरचा गोल. ४२ वर्षांनी कोर्दोबा पहिल्या श्रेणीत. साखळीत ते सातवे आले होते, बरं का. तिसऱ्या क्रमांकावर बार्सिलोनाचा 'बी' संघ होता. मुख्य संघ ज्या श्रेणीत आहे तिथे राखीव संघाला जाता येत नाही, म्हणून सातव्याला जागा मिळाली.

सकाळी साडेसातला मला कळलं. अंक हातात घेऊन जिन्यातच उभा राहिलो. दिवसभर वाट बघितली, पण एकाही वाचकाचा फोन आला नाही. एकाचाही नाही. ओरडा खाल्ला असता तर बरं वाटलं असतं. दुसऱ्या दिवशी दोन ओळींची चूकदुरुस्ती मीच लिहिली आणि मीच आतल्या पानावर लावली.

चूक घाईची होती असं सगळे म्हणतील. मला तसं वाटत नाही, घाई तर रोजचीच. मी बरोबरीचा हिशेब मांडला नव्हता. मांडला असता तर एका गोलावर सगळं उलटतंय हे दिसलं असतं, आणि पान आणखी पाच मिनिटं धरून ठेवलं असतं. जागा सहा ओळींची होती, म्हणून हिशेबही सहा ओळींपुरताच केला.

तू विचारलंयस, हरलेल्यांवर किती लिहायचं? भरपूर. पण लगेच नको. कादिझ २०१५मध्ये सेगुन्दा बेचा गटविजेता होता. आधी याच ओव्हिएदोकडून हरला, मग दुसऱ्या संधीत बिल्बाओच्या राखीव संघाकडून. त्या रात्री ज्यांनी 'कादिझचा अंत' लिहिला, त्यांना वर्षभरात शब्द गिळावे लागले. २०१६मध्ये कादिझ गटात चौथं आलं आणि तिथून वर गेलं. आलिकान्तेत एर्कुलेसविरुद्ध गोल दानी गुइझाचा, २००८चा युरो जिंकणाऱ्या स्पेनच्या संघातला. त्यामुळे मिरान्देसवरची तुझी शेवटची ओळ, 'हे स्वप्न आता कायमचं भंगलं', ती खोड. तुला काय माहीत?

बारीकसारीक गोष्टी समासात लिहिल्याच आहेत. 'थरारक' सहा वेळा आलाय. 'श्वास रोखून धरणारा' दोनदा. 'इतिहास रचला' आणि 'इतिहास घडवला' एकाच परिच्छेदात आहेत; दोन्ही काढ. आंदुव्हा हे मैदानाचं नाव आहे, गावाचं नाही; गाव मिरान्दा दे एब्रो. आणि रात्री साडेबाराला सुरू होणारा सामना बघून पहाटे तीनला लेख पाठवायचा हट्ट सोड. सकाळी पोहे खाऊन पाठव, कुणी अडलेलं नाही. तुझ्या आईचा मला फोन आला होता.

दुरुस्त मसुदा रविवारपर्यंत येऊ दे. वहीच्या कोपऱ्यातली ती एक ओळही फोटो काढून पाठव, मला बघायचीय. आणि नास्तिकवर वेगळं लिहिणार असशील तर तो रुसलेल्या देवाचा मथळा तू वापर. मी वापरला तर लोक म्हणतील, म्हाताऱ्याला अजून कोट्या सुचतात.

तुझा,
काका